मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही

सुरेखावैनींच्या घरात खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी. स्वतः वैनी खुर्चीवर बसल्याच तर कडेला टेकायच्या, एक पाय दाराकडे वळवून. कुणीतरी हाक मारणार आहे आणि तोवरचा वेळ कसाबसा काढायचा आहे, अशा. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. भांडण तर चालता चालता. निम्मं त्यांच्या घरात सुरू व्हायचं आणि निम्मं आमच्या फाटकाशी येऊन संपायचं. त्यांचे यजमान दामूदादा नागोठण्याकडे एका कंपनीत शिफ्टला जात. ते म्हणत, "ही बसलेली बघायची असंल तर गाडीवर बघा. बाकी कुठं टेकत नाय."

गाडी म्हणजे स्कूटर. पेणमधल्या बायकांना स्कूटर शिकवणं हा वैनींचा व्यवसाय. आमच्या गावात दोन खोल्यांच्या शिकवणीलाही अकॅडमी म्हणतात आणि झेरॉक्सच्या दुकानाचं उद्घाटन करायला तीन पाहुणे लागतात. वैनींच्या वर्गाला मात्र पाटीसुद्धा नव्हती. नदीकडच्या मैदानात सकाळी एखादी बाई बंद स्कूटर हाताने ढकलत गोल गोल फिरताना दिसली, की वर्ग चालू आहे असं समजायचं.

हे ढकलणं म्हणजे पहिला धडा. पापड लाटणारी असो की फौजदाराची बायको, पहिल्या आठवड्यात इंजिन सुरू करायला मिळायचं नाही. "आधी हिचं वजन समजून घे गो. सासूगत हाय ही. कुठल्या बाजूला कलते ते कळल्याबिगर हिच्यावर विश्वास टाकायचा नाय." आठवडाभर स्कूटर ओढून हात भरून आले की दुसरा धडा. त्यात वैनी मागे बसायच्या, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून, आणि गप्प राहायच्या. अगदी गप्प. वर्गाचा हा एकच नियम होता: मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही. "एका गाडीला एकच डोकं. दोन झाली की गाडी खड्ड्यात." जे सांगायचं ते निघण्यापूर्वी, नाहीतर उतरल्यावर. मध्ये म्हैस आडवी आली, टेम्पो अंगावर आला, तरी मागून हूं नाही की चूं नाही. उतरल्यावर मात्र त्या सगळं व्याजासकट काढायच्या. मैदानाच्या कडेला गणपतीच्या कारखान्यातली पोरं मूर्ती वाळत घालायला यायची, ती हातातलं काम सोडून ऐकत उभी राहायची.

मीही त्यांच्याकडेच शिकलो, पन्नाशी उलटल्यावर. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला मी त्या वर्गातला एकमेव पुरुष. पहिल्या फेरीनंतर वैनी उतरल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी पुस्तक वाचता तशी गाडी चालवता. मागचं पान आठवत बसता, तवर पुढचा खड्डा येतो." माझ्या वाचनाची याहून अचूक समीक्षा अजून कुणी केलेली नाही.

शेवटची परीक्षा बांधावर. वैनींचं माहेर खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. मिठागर केव्हाच बंद पडलं, पण त्याचे बांध शाबूत आहेत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागेल इतके अरुंद, आणि दोन्ही बाजूंना खारं पाणी नि चिखल. बांधाच्या टोकाला, पूर्वी जिथे मिठाची रास घालत त्या मोकळ्या जागेत, वळायचं आणि पाय न टेकता परत यायचं. "आरटीओचं लायसन सरकार देतं. बांधाचं मी देते," असं वैनी म्हणत. मी त्या परीक्षेत चिखलात पडलो आणि तसाच पास झालो. पडल्यावर मी आधी इंजिन बंद केलं, एवढ्यावर त्यांनी मला सोडलं.

मागच्याने गप्प राहायच्या त्या नियमाचा उगमही याच बांधावरचा. वैनी दहा-अकरा वर्षांच्या असताना वडिलांची सायकल घेऊन मिठागरावर भाकरी पोचवायला जायच्या. मागे कॅरिअरवर धाकटी बहीण नंदा. एके दिवशी दोघी सायकलीसकट आगरात पडल्या. नंदाचा गुडघा फुटला आणि फुटलेल्या गुडघ्यात मिठाचं पाणी गेलं. इथपर्यंत दोघींचं एकमत. पुढे वैनींचं म्हणणं, "ही मागनं वरडली, ताई, डावीकडं! मी वळवली आणि गेलो आत." नंदाचं म्हणणं, "मी बोलणारच कशी? तोंडात भाकरी व्हती माझ्या. बाबांच्या फडक्यातली चोरून खात व्हते. हिलाच चालवता येत नव्हती."

चाळीस वर्षं हा दावा चालू होता. गणपतीत, लग्नात, बाराव्याला, जिथे दोघी भेटतील तिथे सुनावणी. साक्षीदार म्हणून एकदा त्यांच्या आईला विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "मला एवढंच ठावं, तुमचा बाप त्या दिशी उपाशी राह्यला."

नंदा रोह्याला दिलेली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती जेवणाचे डबे करते. अर्ध्या जिल्ह्यातल्या बायका वैनींनी रस्त्यावर आणल्या, पण सख्खी बहीण रिक्षाने डबे पोचवत होती. गाडीचं नाव काढलं की गुडघ्यावरचा व्रण दाखवायची. वैनींना ते सलायचं. "डॉक्टरच्या घरात पोर आजारी म्हणतात ना, तसं हाय हे."

मग त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, गेलेले केस, परत आलेले केस, हे सगळं वैनींनी एखाद्या खोळंबलेल्या एसटीसारखं घेतलं: चिडचिड केली, पण उतरून गेल्या नाहीत. वर्ग पुन्हा सुरू झाला. दोन-तीन वर्षं बरी गेली. आणि मग गावाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं.

महिला दिन होता. रस्त्यावर फलक लागला: कर्करोगाचा पराभव करणारी रणरागिणी. त्यावर वैनींचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो परातीएवढे. मंचावर अध्यक्ष वैनींच्या डाव्या हाताला बसले होते. भाषणं झाली. कर्करोगाला हरवलं, लोळवलं, पळवून लावलं. शेवटी अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन उभे राहिले, आणि वैनींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या उजवीकडच्या बायकांशी बोलत राहिल्या. अध्यक्ष हसले, खाकरले, नारळ या हातातून त्या हातात घेतला. वैनी उठल्या, उजवीकडच्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि उजवीकडच्या जिन्याने खाली उतरून आल्या. मोठ्या माणसांकडे इतक्या निर्मळ मनाने दुर्लक्ष झालेलं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. मागच्या रांगेत बसून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

घरी येताना मी म्हटलं, "वैनी, अध्यक्षांची बरी जिरवलीत."

"कुठले अध्यक्ष?" वैनी म्हणाल्या. त्या खरंच विचारत होत्या.

तेव्हा मला आठवलं, की महिनाभर त्यांच्या स्कूटरचा डावा आरसा सारखा भिंतींना घासत होता आणि त्या भिंतींना शिव्या देत होत्या.

पुढच्याच आठवड्यात मैदानात त्यांना फिट आली. डावा हात झटके देऊ लागला आणि त्या कोसळल्या. मग स्कॅन. रोग डोक्यात पोचला होता. डाव्या बाजूचं जग त्यांच्या मेंदूने मोजायचंच सोडून दिलं होतं. डोळे शाबूत, पण तिकडे काही आहे याची दखलच नाही. बातमी सांगायला वैनी स्वतः आमच्या फाटकाशी आल्या. "भावजी, तो गेलाच नव्हता. खालची खोली सोडून माडीवर राह्यला गेला. सत्काराच्या दिवशी वर बसून भाषणं ऐकत व्हता मेला."

डॉक्टर तरुण होता. त्याने सांगितलं, गाडी चालवायची नाही. वैनींनी विचारलं, "तात्पुरती की कायमची?" डॉक्टर संगणकाकडे बघू लागला. कॅन्सर माडीवर चढला हे ऐकताना वैनी हलल्या नव्हत्या, असं दामूदादा सांगत. संगणकाकडे बघणाऱ्या डॉक्टरला बघून मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला.

मुंबईला नेऊन डोक्याला लाईट दिले. आमच्याकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एक जाळीचा मुखवटा करतात. तो शेवटी घरी न्यायला मिळाला. गणपतीचे साचे बघत वाढलेल्या पेणच्या बाईला त्याचं काय वाटणार? "माझा साचा काढला गो," त्या शेजारणींना सांगत, "आता पायजे तेवढ्या सुरेखा काढा." मुखवटा त्यांनी वर्गाच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगला. एखादी बाई हेल्मेट नको म्हणाली, केस विस्कटतात म्हणाली, की बोट वर. "ते घाल, नायतर हे घाल." वैद्यकीयदृष्ट्या या वाक्याला काही अर्थ नव्हता. पण सगळ्या बायका हेल्मेट घालू लागल्या.

वर्ग असा उभ्याने चालला. गोळ्यांनी भूक वाढली, झोप उडाली, आणि मुळात एका जागी न ठरणारी बाई आता खोलीत मावेना. सकाळी दूधवाला यायच्या आधी गल्लीत फेऱ्या. प्रत्येक फेरीत डावा खांदा विजेच्या खांबाला लागायचा. दामूदादांनी खांबाला जुनी उशी बांधली. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसल्या की नियमाप्रमाणे गप्प, पण, दामूदादा म्हणाले, "बोलत नाय, मागनं पायानं नुसते ब्रेक मारते. माझ्या पायावर."

त्यांना छळणारी गोष्ट वेगळीच होती. एकदा त्या फाटकाशी आल्या त्या चांगल्याच घाबऱ्या होऊन. "भावजी, काल मी म्हटलं आमटीत मीठ कमी हाय. दामू म्हणाला, व्हय."

"मग?"

"मग काय मग? आमटी त्यानं केलेली. पंचवीस वर्षांत त्यानं कधी व्हय म्हटलं नाय. सगळीच व्हय व्हय करतात आता. भाजीवाली भाव करत नाय. मी काय पण बोलले तरी खरं." आणि मग आवाज उतरवून, "माणूस मेल्यावर त्याच्याशी कुणी भांडत नाय. माझ्याशी आतापासनं बंद केलंय."

मी म्हटलं, तसं काही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही त्यांच्यातलाच, हे त्यांना कळलं.

भांडणारी एकच उरली होती, ती रोह्याला. तिला गाडीवर बसवायचं हे वैनींनी आता मनावर घेतलं. "हीच एक राह्यलीय. मी गेल्यावर रिक्षावाल्यांना पैसे मोजत बसंल." दामूदादांची शिफ्ट असली की रेल्वेने त्यांना रोह्याला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या उजवीकडे बसायचो. उजवीकडे बसलं, की आपण असतो. कासू आलं की वैनी उठायच्या, नागोठणं आलं की उठायच्या. "अजून रोहा नाही, वैनी." "ठावं हाय मला. पाय मोकळे करते."

नंदाच्या घरामागच्या अंगणात वैनी मध्ये उभ्या आणि नंदा त्यांच्याभोवती स्कूटर ढकलत गोल फिरतेय, हा धडा मी डब्यांच्या खोलीच्या दारातून पाहिला आहे. अर्धा गोल नंदा त्यांच्या जगात असायची, अर्धा गोल नसायची.

"मेली कुठं गेली?"

"हितंच हाय ताई. डावीकडं."

"डावीकडं म्हणू नको मला! त्याच्यापायीच पडलो आपण!"

"मी नाय बोलले! तोंडात भाकरी व्हती माझ्या!"

"तू भाकरी खात व्हतीस तर गुडघा फुटल्यावर वरडलीस कशी?"

"गिळली ना मग!"

हा वाद सुरू असला की वैनींचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. तासाभराने त्या खुर्चीच्या कडेला टेकायच्या, घाम पुसायच्या, आणि मला विचारायच्या, "किती खोटारडी हाय बघितलंत?" परतीच्या गाडीत त्या नागोठण्याला उठायच्या नाहीत.

दिवाळीच्या आसपास पुन्हा स्कॅन झाला. तो काय म्हणाला ते दामूदादांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणजे सगळ्यांना सांगितलं. वैनींचा डावा हात आता ऐकेना. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही. वाक्याच्या मध्येच शब्द सापडेनासा व्हायचा आणि मग त्या हवेत हात मारत चिडायच्या. रोह्याला जाणं थांबलं. नंदाला लायसन मिळालं होतं, ती गल्लीतल्या गल्लीत डबे पोचवत होती, पण हायवेवर यायचं धाडस तिला होत नव्हतं. त्या हायवेचं धाडस मला तरी कुठे होतं म्हणा. त्याचं काम कधी पूर्ण होणार यावर आमच्याकडे पैज लावायलाही कुणी तयार होत नाही.

थंडीतल्या एका सकाळी गल्लीत हॉर्न वाजला. नंदा. हेल्मेटमध्ये चेहरा पांढरा पडलेला, ड्रेसवर धूळ. रोह्याहून नागोठणं, गडब करत एकटी आली होती. तिने स्कूटर स्टँडवर लावली. वैनी दारात आल्या. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग स्कूटरच्या चाकांकडे, मग टायरला बोट लावलं.

"हवा कमी हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, बऱ्याच वेळाने सापडलेला एक शब्द: "बांध."

दामूदादा नको म्हणाले. मी नको म्हणालो. म्हणजे आम्ही व्हय व्हय करणारी माणसं अखेर नको म्हणालो, आणि वैनींना त्याने इतकं बरं वाटलं की आता थांबवणं शक्यच नव्हतं. नंदाने वैनींना मागे बसवलं, स्वतःच्या ओढणीने दोघींच्या कमरा एकत्र बांधल्या आणि गाठ पोटावर ओढून घट्ट केली. डॉक्टरने पाहिलं असतं तर संगणक सोडून धावत आला असता. मी माझ्या स्कूटरवर मागोमाग निघालो.

बांधाच्या सुरुवातीला नंदा थांबली. दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी चढलेलं. तिने एकदा मागे पाहिलं. वैनींनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला, त्याच हाताने डावा उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि ओठ मिटले.

स्कूटर बांधावर चढली. मी अलीकडेच उभा राहिलो. नंदा बैलगाडीच्या वेगाने जात होती. एके ठिकाणी गाडी डाव्या अंगाला कलली. माझ्या तोंडून शब्द निघणार होता, तो मी गिळला. मागे बसलेली बाई गप्प असताना अलीकडच्याने बोलायचा काय संबंध? नंदाने सावरलं. तेवढ्यात वैनींच्या डाव्या पायातली चप्पल निसटून बांधावर पडली. दोघींपैकी एकीलाही कळलं नाही. टोकाच्या मोकळ्या जागेत नंदाने वळवली. पाय टेकला नाही. तोच बांध, तीच कड. परत येताना चप्पल चुकवून ती नीट पुढे आली आणि माझ्यासमोर थांबली. इंजिन बंद केलं, ओढणी सोडली. दोघी उतरल्या.

आता वैनी बोलणार होत्या. उतरल्यावर बोलायचा त्यांचा हक्क. नंदा मान खाली घालून वाट बघत होती. वैनींनी तोंड उघडलं, हात हवेत मारला, शब्द सापडेना. चेहरा लालबुंद झाला. शेवटी बांधाकडे बोट दाखवून त्या एवढंच म्हणाल्या, "तवा... डावीकडं... तूच."

नंदाने त्यांच्याकडे पाहिलं. थकलेली होती, रडायला आली होती. तिने वैनींचा हात धरला आणि म्हणाली, "व्हय गो ताई. मीच बोलले व्हते. डावीकडं म्हणून मीच वरडले."

मला वाटलं, चाळीस वर्षांचा दावा निकालात निघाला, आता वैनी हसतील. वैनींनी हात हिसडून काढून घेतला.

"खोटं," त्या म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. "तू पण? तू पण व्हय म्हणायला लागलीस?" शब्द आता आपोआप येत होते, एकामागून एक. "मी अजून हाय ना हितं? मग? भाकरी व्हती ना तोंडात? व्हती का नव्हती?"

मी तिथून सटकलो. चप्पल आणायला म्हणून बांधावर चालत गेलो. पाठीमागून नंदाचा आवाज आला, नाक ओढत, पण चढत गेलेला.

"व्हती! व्हतीच भाकरी! बोलणार कुठनं मी? तुलाच चालवता येत नव्हती!"

"मला?"

"तुला! आणि वर नियम काढलास, मागच्यानं बोलायचं नाय! स्वतः पाडायचं आणि नियम दुसऱ्याला!"

मी चप्पल उचलून वळलो, तोवर दोघी स्कूटरवर बसल्याही होत्या. ओढणीची गाठ बसली, गाडी सुरू झाली. वैनींनी मागून नंदाच्या हेल्मेटवर टपली मारली, नंदा मान अर्धी वळवून काहीतरी म्हणाली, वैनी त्याच्याही वरचढ काहीतरी म्हणाल्या. स्कूटर गावाच्या दिशेने चालली, सरळ, आणि वैनींचा डावा पाय अनवाणी लोंबत होता. मी चप्पल उंच धरून दोनदा हाक मारली. ऐकणार कोण? दोघी एकाच वेळी बोलत होत्या.